कावेरीचा डावा खांदा

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हाही मनातल्या मनात दुसरंच काहीतरी बोलत असते — पोराची नोकरी, माझे गुडघे, असलं काहीबाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय का? असेल. की आता सांगितल्यानं कुणाचं काही बदलत नाही हे कळून चुकलंय, म्हणून? तेही असेल.

वाईट वाटतं का, असं विचाराल. काय सांगू? पहिलं वर्षभर वाटायचं. नंतर दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, आणि गाल आपला राहत नाही — हात लावला तर कळतं की इथं गाल आहे, पण तेवढंच — तसं झालं. ते अजून उतरलेलं नाही.

मी खेळाची शिक्षिका आहे. हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरकडच्या एका शाळेत. कॉलेजात असताना मी गोलकीपर होते, बरी होते, फार मोठी नव्हते. नोकरी लागल्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत प्रशिक्षकांचे कोर्स करत गेले. घरचे म्हणायचे, काहून एवढी दगदग करून राहिलीस, पगार तर तेवढाच येणार. मला आवडायचं म्हणून करत होते. आणि एक दिवस फोन आला, की देशाच्या ज्युनियर मुलींच्या संघाला गोलकीपर तयार करणारी बाई पाहिजे. बाईच पाहिजे होती. मी चांगली आहे म्हणून कमी आणि बाई आहे म्हणून जास्त, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी गेले. आमच्या गावातून कुणी एवढं लांब गेलेलं नव्हतं.

म्हणजे, एक जण गेली होती. कावेरी.

कावेरी माझ्याच शाळेतली. धनगराची पोरगी. घरी शेरडं, थोडी मेंढरं, दोन एकर रान. सातवीत असताना वर्गात सगळ्यांत उंच होती म्हणून मी तिला गोलमध्ये उभी केली, दुसरं काही कारण नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं मोठ्या पोरींचे चार-पाच फटके अडवले. मी विचारलं, तुला कसं कळतं गं कुठल्या बाजूला येणार ते? ती म्हणाली, "मॅडम, शेरडू पळायच्या आधी मान वळवतंय. या पोरी बी तसंच करून राहिल्यात."

डावखुरी होती. डाव्या हातानं चेंडू असा फेकायची की थेट मधल्या रेषेपार जायचा. जिल्हा, विभाग, राज्य — एकेक पायरी ती चढत गेली, आणि देशाच्या शिबिरात पोचली. हे नीट ऐका, कारण पुढं याला महत्त्व आहे. तिला तिथं मी नेलं नव्हतं. ती निवडली गेली तेव्हा मी त्या संघात नव्हतेच. मी तिच्यानंतर वर्षभरानं गेले. पण असल्या गोष्टींचा हिशोब कोण ठेवतं? लोकांना एवढंच दिसलं, की गोलकीपर हिंगोलीची आणि गोलकीपरांची कोचही हिंगोलीची.

मला ते झोंबायचं. संघाच्या त्या सगळ्या मंडळींत मी एकटीच अशी होते, जिला इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. हिंदी आमची कशी, तुम्हाला माहीत आहे. मीटिंगमध्ये मी वही पुढ्यात घेऊन बसायचे आणि विचारलं तरच बोलायचे. शिबिरापुरतीच नेमणूक होती. पुढच्या शिबिराला बोलावतील की नाही, ते दर वेळी वरून ठरायचं.

आता त्या स्पर्धेकडं येते. परदेशात होती. देशाचं नाव सांगत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. पहिला सामना आम्ही जिंकलो, कावेरी गोलमध्ये होती, एकही गोल गेला नाही. दुसरा सामना ज्यांच्याशी होता तो संघ आशियातल्या सगळ्यांत तगड्या संघांपैकी. त्यांच्या मुली आमच्या मुलींहून दोन वर्षांनी मोठ्या वाटायच्या. सरावाला मैदानात उतरायच्या तर शिस्तीनं, एकही आवाज नाही, नुसता चेंडूचा आवाज. आमच्या पोरी जाळीमागं उभ्या राहून बघायच्या. आपण हरणार हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एवढाच होता — किती गोलांनी?

सामन्याच्या आदल्या दिवशी नाश्त्याला मी ताट घेऊन बसले होते. संघाचे मॅनेजर शेजारून जाता जाता हसत म्हणाले, "मॅडम, कल तो आपके गाँव की लड़की ही खेलेगी ना? आप जो हो यहाँ."

एवढंच. हसले आणि चहा आणायला गेले. वाईट माणूस नव्हता तो. दुपारपर्यंत हे विसरूनही गेला असेल. मी मात्र पुढ्यातली अंडी तशीच ठेवून बसून राहिले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या कावेरी उभी राहिली आणि सात-आठ गोल गेले — आणि ते जाऊ शकत होते — तर म्हणणार कोणाला? माझ्याच गावच्या पोरीला मी पुढं रेटलं असं होणार. आणि दुसरी उभी राहिली आणि गोल गेले, तर कुणी काही म्हणणार नाही.

नाश्ता झाल्यावर मीटिंग होती. छोटी खोली, पांढरा फळा, त्यावर मैदानाची आकृती. हेड सर — आमचे मुख्य प्रशिक्षक, दुसऱ्या राज्यातले, कमी बोलणारे, नेक माणूस — एकेक नाव लिहीत गेले. मागं चार, मधे पाच, पुढं एकटीच. कुणी काही सुचवलं तर ऐकायचे, एखादं नाव पुसून दुसरं लिहायचे. दहा नावं झाली. गोलची जागा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. माझ्याकडं वळून म्हणाले, की मन तर माझं कावेरीवर आहे, तरी तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता, तुमचं काय मत?

मी कावेरी म्हणायला हवं होतं. दुसरी गोलकीपर रोशनी, मेहनती मुलगी, पण उंचावरून येणाऱ्या चेंडूला घाबरायची, आणि समोरचा संघ सगळे चेंडू उंचावरूनच टाकायचा. हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की सर, मला रोशनी बरी वाटते. ते चुकीचं ठरलं असतं, पण माझं मत ठरलं असतं. कुणी ‘का?’ म्हणून विचारलं असतं, तर कारण द्यावं लागलं असतं. आणि खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

मॅनेजर समोर बसले होते. माझ्याकडं बघतही नव्हते, मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते.

मी म्हणाले, "सर, कावेरी के कंधे में तकलीफ है. बायाँ कंधा. दो दिन से."

ठरवलं नव्हतं हो मी. आधी विचार केला असता तर कदाचित धीर झाला नसता. तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते खोलीत सगळ्यांचं झालं. हेड सरांनी कपाळाला आठी घातली. म्हणाले, मला सांगितलं नाही तिनं. मी म्हणाले, पोरगी सांगत नाही, खेळायला मिळणार नाही म्हणून लपवते. बघा, एकातून दुसरं कसं आपोआप येतं! त्यांनी फळ्यावर रोशनीचं नाव लिहिलं आणि म्हणाले, संध्याकाळी फिजिओला दाखवा.

इथंच थांबलं असतं तर — पण फिजिओला दाखवायचं होतं. खांद्याला काही झालेलंच नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं.

दुपारी सराव होता. मी कावेरीला बाजूला घेतलं, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या आडोशाला. म्हणाले, तू डाव्या हातानं फेकतेस ते मला दोन दिवस बराबर दिसत नाहीये, खांदा दुखतो का?

"न्हाई मॅडम."

बस खाली, म्हणाले. ती बसली. मी तिच्या मागं उभी राहिले आणि अंगठा तिच्या खांद्यावर ठेवला. मानेच्या आणि खांद्याच्या मधे एक जागा असते, तिथं जोरात दाबलं तर कुणालाही दुखतं. तुम्ही आत्ता दाबून बघा. मला ते कोर्समध्ये शिकवलेलं होतं.

"इथं?"

"न्हाई."

मी आणखी जोर लावला.

"थोडं," ती म्हणाली. "आता थोडं दुखून राहिलंय."

मग मी तिथंच पुन्हा दाबलं. किती वेळा ते मोजलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा थांबले. म्हणाले, बघ, आतून आहे हे. वरून कळत नाही. असं खेळलीस तर हात कायमचा जाईल. ती सोळा वर्षांची होती. वर बघून म्हणाली, "मला कसं काय कळलं न्हाई वो मॅडम?"

मी म्हणाले, म्हणूनच कोच असतात.

संध्याकाळी फिजिओनं तिला विचारलं, दुखतंय का? कावेरी म्हणाली, हो, आतून. कुठं? तिनं बोट ठेवलं तिथंच, जिथं मी दाबलं होतं, आणि तिथं आता खरोखरच लाल झालं होतं. फिजिओनं कागदावर लिहिलं. म्हणजे माझं खोटं कावेरीनंच खरं करून दिलं. मी बाजूला बर्फाची पिशवी धरून उभी होते.

सामना आम्ही हरलो, सहा गोलांनी. त्यातले चार उंचावरून आलेल्या चेंडूंवर. रोशनी मैदानावरच बसली आणि रडली. हेड सरांनी तिला उठवलं, म्हणाले, तुझी काही चूक नाही. कुणीच कुणाला दोष दिला नाही. मॅनेजर मला म्हणाले, बहुत तगड़ी टीम थी. माझ्या डोक्यात आलं, की सुटले मी. ती एकच गोष्ट मला आजही स्वच्छ आठवते. समोर एक पोरगी गवतावर बसून रडत होती, दुसरी बेंचवर डावा हात मांडीवर ठेवून बसली होती, हलवू नये म्हणून — आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

बसमध्ये कावेरी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, मी असते तरी गेलेच असते ना गोल?"

मी हो म्हणाले. खरं काय ते मला माहीत नाही. दोन तरी गेले नसते असं वाटतं. कदाचित तीन. ते मला रोशनीबद्दलही वाटतं, की तिच्या नावावर ते सहा माझ्यामुळं लागले. पण रोशनी पुढं खेळत राहिली. तिचं बरं झालं.

तुम्हाला वाटेल, झालं ते एका दिवसाचं झालं. एका सामन्याला बसवलं एका मुलीला. असं कितीदा होतं! मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. पण पुढचं ऐका.

चार महिन्यांनी पुढच्या शिबिराची यादी निघायची होती. हेड सरांचा फोन आला. मी शाळेच्या मैदानावर होते, पोरांची कवायत चालली होती. त्यांनी विचारलं, कावेरीचा खांदा कसा आहे आता? तुमच्याच गावात आहे ती, तुम्हाला माहीत असेल. बरी असेल तर मला ती पाहिजेच आहे.

मला माहीत होतं. आदल्याच दिवशी ती शाळेच्या कुंपणाजवळून शेरडं घेऊन चालली होती आणि मला बघून तिनं हात वर केला होता. डावाच.

आणि तरी मी म्हणाले, सर, अजून तसाच आहे. काहून? या वेळी तर समोर कुणी हसतही नव्हतं. बरी आहे म्हणाले असते तर तपासणी झाली असती, कुणी म्हणालं असतं की आधी काही झालंच नव्हतं की काय. असलं काहीतरी मनात आलं असावं. किंवा काहीच आलं नसावं, आणि एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणणं सोपं जातं एवढंच. हेड सर म्हणाले, वाईट झालं. काळजी घ्यायला सांगा. त्या शिबिराला मी गेले. त्याच्या पुढच्यालाही गेले.

यादीत नाव नाही ते खांद्यामुळं, हे कळल्यावर कावेरीच्या आईनं तिला जवळा बाजारला एका मालीश करणाऱ्याकडं नेलं. आठवडी बाजाराच्या दिवशी, दर आठवड्याला, सगळा पावसाळा. मग हिंगोलीला मोठ्या डॉक्टरकडं. तिथून आल्यावर ती बाई शाळेत मला शोधत आली. पदर डोक्यावर, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, बसमधून आल्यामुळं दमलेली. म्हणाली, "मॅडम, डाक्टर म्हणतो फोटोत काईच न्हाई. लेकरू तर म्हणतंय दुखून राहिलं. तुमी त्या वक्ताला बघितलतं न्हवं, आतून हाय म्हणून?"

मी पाकीट उघडलं, उजेडाकडं धरून बघितलं. मला त्यातलं काय कळतं? पांढरी हाडं होती, सगळी जागच्या जागी. मी म्हणाले, फोटोत सगळंच दिसत नसतं, ताई.

"व्हय," ती म्हणाली. "तुमाला कळणार. आमाला काय कळतंय." पाकीट पदराखाली घेऊन ती बसस्टँडकडं गेली.

एक गोष्ट मला तेव्हा कळली, आणि तीच सांगायला मला सगळ्यांत जड जातं. त्या पोरीचा खांदा खरोखरच दुखायला लागला होता. ती नाटक करत नव्हती. मी तिला सांगितलं होतं आतून आहे, आणि तिनं ते आत घेतलं. ती चेंडू उजव्या हातानं फेकायला लागली, आणि उजव्या हातानं तो अर्ध्यातही जायचा नाही. बारावीच्या वर्षी तिनं गोलमध्ये उभं राहणं सोडलं. मैत्रिणी पोलीस भरतीची तयारी करत होत्या, तिलाही चल म्हणाल्या. ती गेली नाही. गोळाफेक असते ना मॅडम, म्हणाली. तिचं लग्न शिरडपासून थोड्याच अंतरावर झालं. माणसं बरी आहेत. पाण्याचा हंडा ती उजव्या बाजूला घेते. हळद काढायच्या दिवसांत मी तिला रानात बघितलंय, कंद गोळा करताना डावा हात अंगाशी धरून काम करते. सासू म्हणते, खेळताना लागलेलं आहे तिला, देशासाठी खेळताना. अभिमानानं सांगते.

मी तिला सांगू शकले असते. किती वेळा भेटली! बाजारात, लग्नांत, एकदा तर एसटीत आम्ही हिंगोलीपर्यंत शेजारी बसलो होतो. तासभर. मी तिला विचारलं, सोयाबीन कसं झालं यंदा. ती सांगत राहिली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि आत काहीही हललं नाही. मला वाटत होतं आता हलेल, आता हलेल. औंढा मागं गेलं, पाऊस भुरभुरत होता, हिंगोली आली. ती उतरताना माझी पिशवी उजव्या हातानं खाली घेऊन द्यायला लागली. मी घेऊ दिली.

आता या जूनची गोष्ट. शाळा उघडून आठवडा झाला होता. कावेरी तिच्या नणंदेच्या मुलीला घेऊन आली. सहावीत घातलेली, काळीसावळी, लांब हातांची पोर. येताना बांधावरून चालत आल्या होत्या, दोघींच्या चपलांना चिखल होता. कावेरी मला म्हणाली, "मॅडम, हिला तुमच्या हाताखाली घ्या. लई चपळ हाय. दुसऱ्या कुणाकडं देवाव वाटत न्हाई मला."

मी बरं म्हणाले. वहीत नाव लिहायला घेतलं.

"फक्त एक हाय," कावेरी म्हणाली. "हिच्या खांद्याकडं पैल्यापासून ध्यान द्या. माझं मला कळलं न्हवतं. तुमी बघितलं म्हणून तरी एवढ्यावर निभावलं."

मी वर बघितलं. ती खरंच मनापासून बोलत होती. ती मला दुवा देत होती.

तिच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं. कधीच नव्हतं. हे वाक्य मी पहिल्यांदा बोलतेय, आणि ते तिला नाही, तुम्हाला सांगतेय. त्या दिवशी ती समोर उभी होती, मैदानावर दुसरं कुणी नव्हतं, घंटा व्हायला वेळ होता. मी म्हणाले, हो, देईन लक्ष. मुलीचं नाव लिहिलं, आणि तिला म्हणाले, जा, गोलमध्ये उभी राहा.